मरतुकीची वही

सकाळी सहाला होडी लावतो एक नंबरच्या पिंजऱ्याला.
आधी मेलेले मोजायचे,
मग जिवंतांना खायला घालायचं.
वहीत तीन रकाने : तारीख, नग, कारण.
कारणात ‘हवामान’ लिहीत जा,
निकमसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय.

एकवीस तारीख, चौदा नग, हवामान.
बावीसला एकतीस, हवामान.
तेवीसला वारा नव्हता, ढग नव्हते,
ऊनही बेताचंच.
दोनशे सहा.
पेन धरून बसलो थोडा वेळ.
हवामान.

चोवीस पिंजरे, निळे ड्रम, काळे पाइप,
वर बगळ्यांसाठी जाळी.
खाली दारणेचा फुगवटा.
पूर्वी पाण्यात हात घातला
तर कोपरापर्यंत दिसायचा,
आता मनगटाशीच संपतो.

खाद्याच्या पोत्यावर उडी मारणारा मासा छापलाय.
आमच्यातला एकही तशी उडी मारत नाही,
जागाच नाही.
पोत्यामागे बारीक अक्षरात लिहिलंय : मासळीची कुटी.
हौसाला वाचून दाखवलं.
म्हणाली, माशाला मासाच घालता?
म्हटलं, समुद्रातली बारकी मासळी गं,
तारली, मांदेली, असलं काहीतरी.
ती घोटीच्या बाजारात सुकट विकते.
‘तरीच महागली,’
एवढंच बोलली आणि भाकरी उलटली.

तेव्हापासून कसारा घाटात खाद्याचा ट्रक दिसला
की वाटतं, समुद्र चढतोय,
दळलेला, पोत्यात शिवलेला.
याला परत उतरायला वाट नाही.
आमची नदी उगवतीला जाते,
तिनं समुद्राचं देणं कुठं फेडायचं?

वळवाच्या रात्री अकरा नंबरची जाळी फाटली.
वहीला पळालेल्यांचा रकाना नाही.
आता काठच्या गाळात तिलापीनं
ताटाएवढे खड्डे उकरलेत,
एकाला लागून एक.
खंडू लहामगेचं जाळं रोज भरून येतं
आणि तो रोज शिव्या देतो.
बापाच्या वेळी मळ्या यायचा, मरळ यायची,
खडशी आली तर वस्तीत सांगत फिरायचे.
आता जाळं झटकलं की एकच तोंड,
शंभर वेळा.

मर वाढली की पिवळी पूड येते,
गुळाच्या पाण्यात कालवून खाद्याला चोळायची.
रिकामं पाकीट मी वाचलं.
पोराचा कान फुटला होता तेव्हा
डॉक्टरनं हेच नाव लिहिलं होतं,
अर्धी गोळी, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस.
इथं घमेल्यानं.
उरलेलं पाण्यात जातं,
आणि पाणी पलीकडच्या काठानं,
पंपाच्या पाइपातून,
कुणाच्या तरी हंड्यात.

सोड म्हणतोस हे काम?
पगार दहा तारखेला होतो.
बापाच्या जाळ्याला तारीख नव्हती.
हे मी मुद्दाम लिहितो,
नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल
मी काठावर उभा राहून बोलतोय.
मी होडीत आहे. घमेलं माझ्याच हातात आहे.

आज चोवीस नंबरच्या बाहेर,
जाळीच्या पलीकडे,
एक वाम उलटी पडली होती,
हातभर लांब, पोट पांढरंफटक.
साहेब म्हणाले, ती आपली नाही, सोड.
सोडली.
होडी दोन वाव पुढे गेली,
मग मागे वळवली.

खड्डा जांभळीखाली आहे, चुना टाकलेला.
तिला तिथं नाही पुरलं,
थोडं वर, बापाची होडी बांधायची त्या खुंटाशी.
मग वही उघडली.
तारीख घातली.
एक नग.
कारणाच्या रकान्यात बोटाला लागलेला गाळ उमटला,
तो पुसला नाही.